बाकी सगळ्या सौ.

एका मुलीची हैदराबादची नोकरी माझ्या एका वाक्यानं गेली. वाक्य मोठं नव्हतं. मालकांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या बोललो आणि वर चहाही प्यायलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी एक नवी भाषा कशी शिकलो ते सांगणार आहे, आणि ते वाचताना कुणाला वाटायला नको की हा माणूस स्वतःचं कौतुक करायला बसलाय.

भाषा म्हणजे बोलायची नव्हे, वेबसाइट लिहायची. पुण्यात तेरा वर्षं मी तेच केलं. बाजारात जे जे चालतं ते सगळं मला येत होतं. दर दोन वर्षांनी नवीन काहीतरी निघायचं, की आम्ही जुन्याला नावं ठेवायचो आणि नव्याच्या मागं धावायचो. मग एका सोमवारी कंपनीनं आमच्या अख्ख्या टीमला व्हिडिओ कॉलवर बोलावलं आणि चहा निवायच्या आत घरी बसवलं. चाळिशी उलटलेल्या माणसाला कोण विचारतंय. चार महिने अर्ज टाकून टाकून थकलो आणि सोलापूरला परत आलो. ज्या गावाला 'हितं काय ठेवलंय' म्हणून नाक मुरडून गेलो होतो, तिथंच.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-नॅपकिनचा एक कारखाना आहे. लग्नात, वास्तुशांतीत, निवृत्तीच्या कार्यक्रमात आहेर म्हणून वाटायचे नॅपकिन तिथं नाव विणून मिळतात. छापून नव्हे, विणून. कितीही धुवा, नाव जात नाही, हीच त्यांची जाहिरात. ऑर्डर वेबसाइटवरून येते. आपलं नाव लिहायचं, रंग निवडायचा, नॅपकिन कसा दिसेल ते पडद्यावर बघायचं, की झालं. ती वेबसाइट जिनं लिहिली होती ती मुलगी नोकरी सोडून चालली होती. तिच्या जागेवर मला घेतलं, तेही 'तीन महिने बघू' म्हणून.

मुलगी पंचविशीची. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर. शिकली इथल्याच कॉलेजात. हैदराबादच्या कंपनीचं पत्र तिनं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलं होतं आणि मला दाखवताना ते फोल्डरमधून बाहेरसुद्धा काढलं नाही. रुजू व्हायला अडीच महिने होते. "त्याआधी ते इथं फोन करून माझ्या कामाबद्दल विचारणार आहेत सर," ती म्हणाली. "मालक चांगलंच सांगतील. तेवढं झालं की पक्कं." घरातली पहिलीच मुलगी होती ती, जी गाव सोडून नोकरीला चालली होती.

पहिल्या दिवशी तिनं कोड उघडून दाखवला आणि माझं डोकंच गरगरलं. सगळी वेबसाइट एल्म नावाच्या भाषेत. ही भाषा मी लांबच्या नातेवाइकासारखी नुसती ऐकून होतो, कधी तोंड बघितलं नव्हतं. मी विचारलं, "हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला? जगात इतकं चांगलं चांगलं पडलंय की."

"आधीची साइट सारखी बंद पडायची सर. ही नाही पडत."

झालं. तीन महिन्यांची मुदत, आणि तेरा वर्षांत जे शिकलो त्यातलं अर्धं इथं चालत नाही. एल्ममध्ये एका नावाखाली एकदा ठेवलेली किंमत नंतर बदलता येत नाही. एकच काम फिरून फिरून करायचं तर त्याची नेहमीची सोयच नाही, त्याला वेगळाच वळसा. एखादी माहिती मिळेल किंवा मिळणार नाही अशी असेल, तर मिळाली नाही तर काय करायचं ते आधी लिहा, मगच पुढं सरका. आम्ही पुण्यात असं कधी केलं नाही. चालवून बघायचं, फुटलं तर फुटेल तिथं ठिगळ लावायचं. अख्ख्या कंपन्या त्या ठिगळांवर चालल्यात.

आणि तो कंपायलर. म्हणजे आपण लिहिलेलं तपासून ब्राउझरला समजेल असं करून देणारा प्रोग्रॅम. इतर ठिकाणी तो नुसता तांबड्या अक्षरांत वसकन अंगावर येतो. एल्मचा तसा नाही. तो 'मी' म्हणून बोलतो. मला हे समजलं नाही, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का, असं विचारतो. बँकेतल्या जुन्या कारकुनासारखा. साहेब, इथं सही राहिली. सही केली की, आता पान उलटा, इथंही राहिली. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं. हा अदबीनं बोलणार आणि जागचा हलणार नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा लॅपटॉप धाडकन मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो. खाली विणायचे लूम खडखडत होते आणि मला माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलीकडून बाराखडी गिरवावी लागत होती. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. आणि लाजेचा राग मी तिच्यावर काढत होतो.

एक दिवस तिनं मला नावाआधीच्या बिरुदांचा भाग समजावून दिला. श्री., सौ., चि., कु., चि. सौ. कां., श्रीमती, कै., ह. भ. प., गं. भा. असं एकेक तिनं वेगळं मांडून ठेवलं होतं. प्रोग्रॅममध्ये जिथं जिथं बिरुद लागेल तिथं तिथं या प्रत्येकाचं काय करायचं ते लिहिलंच पाहिजे. एक जरी राहिलं तरी कंपायलर अडवणार.

मी हसलो. "गं. भा. कोण लिहितं आता? कुठल्या जमान्यात आहात?"

"लिहितात सर. मंद्रूपच्या, करकंबच्या वयस्कर बायका येतात, त्यांना तेच लागतं. मी महिनाभर शोरूममध्ये बसून लिहून घेतलंय, कोण काय मागतं ते."

मग तिनं मला पळवाटही दाखवली. सगळी बिरुदं लिहायची नसतील तर शेवटी एक अंडरस्कोर टाकायचा, म्हणजे बसक्या रेघेचं चिन्ह. त्याचा अर्थ, बाकी सगळे, कोण असतील ते असोत. कंपायलर लगेच गप्प बसतो. "पण सर, तुम्ही ते लिहू नका," ती म्हणाली. "आपल्याला कंटाळा आला की तेव्हाच ते लिहावंसं वाटतं." मी बरं म्हणालो. मनात म्हणालो, बाई, मी तुझ्या दुप्पट कोड लिहिलाय.

ती गेली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले, मला एक वही दिली. कुठली फाइल काय करते ते मराठीत नीट लिहिलेलं. ती वही मी पुरती वाचली नाही.

पंधरा दिवसांत लग्नसराई आली. एका वकिलाची मोठी ऑर्डर होती आणि त्याला नावाआधी अ‍ॅड. पाहिजे होतं. मालक म्हणाले, "इंजिनिअर, दुपारपर्यंत करा. डॉ. पण घालून टाका, लागतंय." मी दोन बिरुदं वाढवली, आणि कंपायलरनं अकरा ठिकाणी हात आडवा केला. पडद्यावर अ‍ॅड.चं काय? पाकिटावर काय? बिलावर काय? एकेक भरत गेलो. शेवटची जागा लूमची होती. लूमला अक्षरं कळत नाहीत. प्रत्येक बिरुदाची विणीची नक्षी आधीच तयार असते आणि तिला नंबर असतो. आम्ही नुसता नंबर पाठवायचा. नेमके त्याच आठवड्यात नक्षीवाल्यानं सगळे नंबर बदलले होते, म्हणून जुने मी पुसून टाकले. त्यानं सहासात नवे नंबर सांगितले आणि म्हणाला, "उरलेले उद्या देतो की. जेवायला चाललोय."

कंपायलर म्हणाला, कै. राहिलं. ह. भ. प. राहिलं. श्रीमती राहिलं. गं. भा. राहिलं. मालक दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेले. मला त्या कारकुनी अदबीचा असा संताप आला की बस्स. अंडरस्कोर टाकला आणि त्याच्यापुढं सौ.चा नंबर लिहिला. उरलेल्यांत जास्त नावं बायकांचीच, आणि बायकांत जास्त सौ.च. बाकी सगळ्या सौ. तेवढ्यापुरतं. उद्या बदलू. कंपायलर मुकाट बसला. श्री., सौ., अ‍ॅड. तपासून बघितलं, सगळं बरोबर. मालकांनी पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी नक्षीवाल्यानं नंबर दिले नाहीत आणि मी मागितले नाहीत.

महिनाभरानं मंद्रूपहून एक बाई आल्या. साठीच्या, काठापदराचं लुगडं, हातात कापडी पिशवी. शोरूममध्ये कुणाशी न बोलता त्यांनी पिशवीतून एक गुलाबी नॅपकिन काढला आणि काउंटरवर पसरला. मालक पुढं झाले. मीही सहज तिथं उभा होतो.

"मालक, ह्ये वाचा की," बाई म्हणाल्या.

मालकांनी वाचलं. सौ., मग बाईंचं नाव, मग गाव.

"मी गंगाभागीरथी हाय. धनी जाऊन तीन वर्सं झाली." आवाज चढलेला नव्हता. "शेजारची पोरगी फोनवर भरत हुती, तवा मीच तिला सांगिटलं, गं. भा. टाक म्हणून. तिनं फोनवर वाचून बी दावलं, बरुबर हुतं. मग हितं कसं काय आसं आलं?"

पडद्यावरचं बरोबरच दिसणार. ती जागा मुलीनं केव्हाच नीट भरून ठेवली होती. आणि पूर्वी प्रत्येक ऑर्डर डोळ्यांनी वाचून लूमवर पाठवणारा एक माणूस होता. मुलीच्या प्रोग्रॅमवर सगळ्यांचा इतका भरवसा बसला होता की ते वाचणंच बंद झालं होतं.

"लेकीचं लगीन हुतं," बाई सांगत होत्या. "आहेर म्हणून वाटलं. गठ्ठा बांधल्याला तसाच आला, मला वाचता येत न्हाय, मी कुटं बघितलं. लोकांनी मांडवातच उघडून बघितलं. दीर म्हनला, वैनी, आमाला न सांगताच कुंकू लावलंस व्हय? समदी हसली. लेक न्हाय हसली. ती तितंच हुती, मुंडावळ्या बांधून."

मालक हात जोडून म्हणाले, "मावशी, चुकलं आमचं. सगळे नवीन विणून देतो, फुकट देतो."

"आता कुणाला वाटू? लगीन झालं की. आन् ते वाटल्यालं काय करू? घरोघर जाऊन मागून आनू?" त्यांनी नॅपकिनची पुन्हा घडी घातली. न्यावा की ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी तिथंच ठेवून गेल्या. चहा घेतला नाही.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. "ही चूक कुणाची?"

त्या क्षणी मला ती ओळ आठवली नव्हती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आठवली होती. बाईंनी नॅपकिन पसरला तेव्हाच. पण तीन महिन्यांतले दोन सरले होते, घरी शाळेची फी, गॅस, आईची औषधं, आणि पुन्हा ते अर्ज टाकत बसणं. मी म्हणालो, "जुन्या मॅडमच्या कोडमध्ये घोळ आहे. ती भाषाच तसली विचित्र घेतलीय. मी दुरुस्त करतोय." एवढंच ते वाक्य. मालकांनी मान हलवली आणि चहा सांगितला. मी प्यायलो.

मग जागेवर जाऊन तो अंडरस्कोर काढला. नक्षीवाल्याच्या डोक्यावर उभा राहून सगळे नंबर घेतले, एकेक बिरुद लिहिलं. पंधरा मिनिटं लागली. पंधरा मिनिटांचं काम होतं ते.

तिसऱ्या दिवशी हैदराबादचा फोन आला. मी मालकांसमोर दुसऱ्याच कामाला बसलो होतो. मालक हिंदीत बोलत होते. लडकी अच्छी है, मेहनती है, म्हणाले. मग म्हणाले, "लेकिन काम में गलती निकली. बडी गलती. हमारे अभी के इंजिनिअर ने पकडी." माझ्याकडं बघून हसले, कौतुकानं. मला हात वर करता आला असता. नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं. मी समोरच्या कागदावर तारीख लिहीत बसलो.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. नोकरी हुकली होती. कंपनीनं कारण सांगितलं होतं, मालकांनी तिला माझ्याकडं पाठवलं होतं. रडत वगैरे नव्हती. "सर, ती चूक मला दाखवाल का? कुठली शक्यता लिहायची राहिली होती? मी सगळं तपासलं होतं. कंपायलरनं ते जाऊच कसं दिलं, मला कळत नाही."

तिला खरंच कळून घ्यायचं होतं. माझ्यावर संशय घ्यावा हे तिच्या मनातही आलं नसावं. मी म्हणालो, "बघून सांगतो."

बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. कुठली ओळ कुणी, कधी बदलली त्याची नोंद प्रोग्रॅमसोबत राहते. अंडरस्कोरच्या ओळीवर माझं नाव होतं, वेळ दुपारची. तिला मी फोन केला नाही. तिनं आणखी दोनदा केला, मी उचलला नाही.

आणि या सगळ्यात, सांगायला लाज वाटते, मला ती भाषा यायला लागली. त्या घटनेनंतर मी पुन्हा अंडरस्कोर लिहिला नाही. तिची वही पहिल्यापासून वाचली. जिथं मला वेडेपणा वाटत होता तिथं ती कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाला भेटून आली होती. आडनाव न लावणारे, वडलांऐवजी आईचं नाव लावणारे, दोन बायकांची नावं शेजारी शेजारी मागणारे. सगळ्यांना तिनं जागा दिली होती. वेबसाइट एकदाही बंद पडली नाही. कंपायलर अडवायला लागला की आता मला राग येत नव्हता, मी मुकाट्यानं सांगेल ते भरत होतो. पुण्यातल्या तेरा वर्षांत मी इतकं नीट काम कधी केलं नव्हतं. तीन महिने संपले, मालकांनी मला पक्कं केलं. हार घातला, श्रीफळ दिलं, आणि कारखान्याचा टॉवेल. त्यावर श्री. आणि माझं नाव विणलेलं.

तो टॉवेल घरी न्यायचं धाडस होईना. पक्का झाल्यावर दोन दिवसांनी केबिनमध्ये गेलो आणि मालकांना सांगून टाकलं. ती ओळ माझी होती. मुलीची काही चूक नव्हती.

मालकांनी चष्मा काढला, पुसला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "तीन वर्षांत तिच्या हातून असलं काही झालं नव्हतं."

"मग तुम्ही त्यांना तसं का सांगितलं?"

"ती गेलेली होती, इंजिनिअर. तुम्ही हितं होता. लग्नसराईत मी काम कुणाकडून करून घ्यायचं?" त्यांना माझा राग आला नव्हता. हे सगळं काढत बसायचा कंटाळा आला होता. हैदराबादला फोन करा म्हटलं तर म्हणाले, "आता तिथं दुसरं कुणी घेतलं असेल की. आपणच आपली चूक बाहेर सांगत कशाला बसायचं? जाऊ दे."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. कसलं हलकं. संध्याकाळी सुटल्यावर गेटबाहेर उभा राहून तिला फोन लावला. ती आता सोलापुरातच, भवानी पेठेत एका क्लासमध्ये टायपिंग शिकवते. मागं पोरांचे कीबोर्ड वाजत होते. मी सगळं सांगितलं. अंडरस्कोर, नक्षीवाल्याचे नंबर, केबिनमधलं वाक्य, तिचे न उचललेले फोन. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर बोलूच शकलो नसतो. मालकांनाही सांगितलं, हेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मालकांनी हैदराबादला फोन केला का?"

"नाही. करणार नाहीत म्हणाले."

"तुम्ही केला?"

"नाही."

"मग हे मला कशाला सांगताय, सर?"

पलीकडं कुणीतरी 'मॅडम, मॅडम' म्हणून तिला हाका मारत होतं. तिनं फोन ठेवला नाही. मी उत्तर देईन म्हणून ती थांबली होती.